पंचफुलाचं तोंड

परवा शेजारची नवी सून आमच्याकडे बसायला आली. ब्यूटी पार्लरचा कोर्स करून राहिली आहे, त्यामुळे बोलताना तिची नजर सारखी समोरच्याच्या कातडीवर. आमच्या भिंतीवर मुलींच्या कबड्डी चमूचा एक फोटो आहे, चौऱ्याहत्तर सालचा. ती उठून त्याच्याजवळ गेली, मधल्या मुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “काकू, या ताईंनी तेव्हा चेहऱ्याची थोडी काळजी घेतली असती ना, नॅचरल पद्धतीनं, तर हे डाग राहिलेच नसते.”

माझं डोकंच सटकलं. “बाई,” मी म्हटलं, “त्या चेहऱ्याची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी तुझ्या पार्लरातल्या सगळ्या बायांची मिळून होत नसेल. आणि ती सगळी मी माझ्या हातानं वाटलेली आहे. पाट्यावर. बोट काढ तिच्यावरून.”

ती बिचारी चहा न घेताच गेली. जाऊ दे, येईल परत. पण तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

फोटोतली ती पंचफुला, माझी नणंद. मी मौद्याकडची. लग्न होऊन गणेशपेठेतल्या या घरात आले तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, म्हणजे माझ्याहून थोडीच लहान. आमचे हे रेल्वेत, नेमणूक बल्लारशाला, महिन्यातून एखाद्या वेळी घरी. सासरे रुपराव, त्यांना मी मामाजी म्हणते, कॉटन मार्केटात संत्र्याचे अडते होते. पहाटे जायचे ते दुपारी घसा बसवून परत यायचे. सासूबाई म्हणजे मामीजी, फार कमी बोलणाऱ्या. त्यांच्या वाट्याचं बोलणं सावनेरची आत्या बोलून टाकायची.

पंचफुला दिसायला उंच, हाडापेरानं मजबूत, आणि मैदानावर गेली की कोणाच्या बापाला ऐकणार नाही अशी. जागृती महिला मंडळाच्या चमूत चढाई करायची. मी पहिल्यांदा तिचा खेळ पाहिला तो असा. समोर सात जणी उभ्या, ही एकटी आत जाऊन दोघींना शिवून, तिसरीच्या हातातून निसटून, दम न सोडता परत. घरी आल्यावर तीच पोरगी आरशाकडे पाठ करून वेणी घालायची.

कारण तिच्या तोंडावर मुरूम होते. एखाददुसरा नव्हे, दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी. लाल, टपोरे, काही पिकलेले, काही पिकण्याच्या वाटेवर. मॅट्रिकच्या वर्षापासून सुरू झाले आणि मग मुक्कामालाच राहिले. गल्लीतली पोट्टी तिच्या नावावरून चिडवायची, “पाच फुलं नाही रे, अख्खी बागच फुलली!” एकदा तिनं त्यातल्या एकाची कॉलर धरून त्याला स्वतःच्या तोंडाजवळ ओढलं होतं. “पाह्य जवळून. कोणतं फूल पाह्यजे तुले?” तो रडायलाच लागला. ती हसत घरात आली, आणि मग मागच्या अंगणात पाणी तापवायच्या चुलीत काटक्या मोडून घालत बसली.

आता काळजी कशी घेतली ते ऐका. बेसन आणि साय. मसुरीची डाळ दुधात भिजवून, वाटून. मुलतानी माती. कडुनिंबाचा पाला. जायफळ सहाणेवर उगाळून. तुरटीच्या पाण्यानं तोंड धुणं. आंबेहळद. आणि आमच्या घरात कशाला तोटा नव्हता ते म्हणजे संत्र्याच्या साली. गच्चीवर चादरी भरून वाळत पडलेल्या असायच्या, त्या कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या आणि गुलाबपाण्यात कालवायच्या. गल्लीतली प्रत्येक बाई एक नवा उपाय घेऊन यायची आणि प्रत्येकीच्या बहिणीचा नाहीतर भाचीचा चेहरा त्यानं आरशासारखा झालेला असायचा. वाटायचं कोणी? सुनेनं. एका पोरीच्या तोंडासाठी मी एवढं वाटलं, की तेवढ्या वाटणात पंगत उठली असती. रात्री खांदा भरून यायचा.

पंचफुलानं सुरुवातीला सगळं लावून घेतलं. निमूटपणे, डोळे मिटून. लेप वाळला की चेहरा ताणायचा, हसता यायचं नाही, बोलता यायचं नाही. साल लावली की आग व्हायची. साय लावली की दुसऱ्या दिवशी नवे फोड. कडुनिंबानं जरा बरं वाटायचं, तेवढ्यात कोणीतरी सांगायचं की कडुनिंबानं रंग काळवंडतो, झालं, तो बंद आणि दुसरं सुरू. कुठलीही गोष्ट आठवडाभर कोणी टिकू देईल तर शपथ.

“वहिनी,” ती एकदा मला म्हणाली, “साध्या पाण्यानं धुतलं न् सोडून देल्लं, तर जास्त बरं राह्यते माहं तोंड. पण हे कोणाले सांगू? कोणाले पटत नाही.”

मला पटत होतं. पण मला कोण विचारतंय?

त्या वर्षी संक्रांतीनंतर सावनेरहून आत्या आली, इंदुताई, मामाजींची थोरली बहीण. येताना दोन बातम्या घेऊन आली. एक म्हणजे सावनेरचं एक स्थळ, मुलगा कोळशाच्या खाणीत कारकून, घरची कपाशीची शेती, माणसं भरल्या घरची. ते पुढच्या आठवड्यात मुलगी पाहायला येणार. आणि दुसरी म्हणजे पंचफुलाचं मैदान आजपासून बंद.

“उन्हात लोळते, मातीत लोळते, घामानं निथळते. मुहासे होतीन नाही त काय?” आत्या म्हणाली. “पोट्टीची जात हाय. लग्न होईपर्यंत घरात बस, तोंड निवू दे.”

पंचफुलाच्या हातातला पेला तसाच राहिला. कारण त्याच रविवारी निवड सामना होता. त्यातून विदर्भाचा मुलींचा चमू निवडायचा होता. त्यांचे शिकवणारे बळीराम सर स्वतः घरी येऊन मामाजींना सांगून गेले होते, की पंचफुला खेळली तर तिचं नाव येणार म्हणजे येणार. न खेळणाऱ्या मुलीचं नाव कोण घेतो? आणि एकदा का सावनेरच्या लोकांनी होकार दिला, की पुढे कसलं मैदान आणि कसली कबड्डी. हा एक रविवार गेला की सगळंच गेलं, हे तिला कळत होतं.

“आत्या, रविवारचं खेळू दे वं मले,” ती म्हणाली. “मग बसते घरात. पाहिजे ते लावा तोंडाले.”

“आधी तोंड, मग खेळ.”

मामाजी खाली मान घालून जेवत राहिले. बहिणीपुढे त्यांचं काही चालायचं नाही.

आत्यानं पिशवीतून एक पुरचुंडी काढली. तिच्यात गोडंबी होती. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बिब्याचं फळ फोडलं की आत जी बी निघते ती गोडंबी. थंडीत लाडवात घालतात, चव बदामासारखी. पण बिब्याच्या टरफलात जे काळं तेल असतं ते कातडीला लागलं की संपलं. आग, सूज, पाणी भरलेले फोड. त्याला आम्ही बिबा उतला म्हणतो. म्हणून गोडंबी काढणाऱ्या बाया हाताला राख चोळून, जपून फोडतात.

“बदामाच्या वर हाय हे,” आत्या म्हणाली. “दुधात वाट, रातभर लावून ठेव. सकाळी तोंड पाह्य पोट्टीचं.”

गोडंबी खाल्लेली मी, लावलेली कधी ऐकली नव्हती. मी विचारलं, “आत्याबाई, नीट साफ केली आहे ना?” त्यावर मला उत्तर मिळालं की मौद्याच्या पोरींना सावनेरची गोडंबी काय कळणार. मग मी वाटली. त्या पोरीनं डोळे मिटले आणि आत्यानं स्वतःच्या हातानं चमच्यानं तो लेप तिच्या तोंडावर जाडसर थापला.

फोडणारीनं घाई केली असणार. टरफलाचं तेल गोडंबीला लागलेलं होतं.

सकाळी मला जाग आली ती माझ्याच तळहातांच्या आगीनं. लाल झाले होते, बोटांच्या पेरांवर फोड. तशीच पळत गेले तर पंचफुला अंथरुणात उठून बसलेली. चेहरा म्हणायचा तरी कशाला? डोळे मिटून गेलेले, ओठ सुजलेले, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत पाण्यानं भरलेले फोड. ती रडतही नव्हती. डोळ्यांतून पाणी यायला तरी वाट पाहिजे ना.

“वहिनी, काय झालं वं मले?” एवढंच तिनं विचारलं.

मामीजींनी कपाळावर हात मारून घेतला. आत्या खाली बसली. तिला लगेच कळलं होतं काय झालं ते. आणि तेवढ्यात, म्हणतात ना नको तेव्हा नको ते माणूस, समोरच्या कौशल्याबाई विरजण मागायला दारात. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि वाटी छातीशी धरून ओरडल्या, “अवं माय! मातामाय आली वं पोरीच्या अंगात! देवी निघाल्या!”

आता इथं आत्यानं जे केलं ते मला त्या क्षणी कळलं नाही. आत्याच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते, लहानपणचे. गल्लीत सगळे म्हणायचे, इंदुताईला माय येऊन गेलेली, तिला बरोबर ओळखू येते. कौशल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आणि आत्या उठली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि म्हणाली, “हो. मायच हाय.”

कौशल्याबाई गेल्यावर मी म्हटलं, “आत्याबाई, हे काय? बिबा उतला आहे. माझे हात पाहा!”

“झाकून ठेव ते हात पदराखाली,” ती म्हणाली. “माय आली म्हटलं त लोक हात जोडतात. मुहाश्यासाठी गोडंबी थापली न् बिबा उतला म्हटलं, त अख्खी पेठ पोट धरून हासन. सावनेरले कळन की पोट्टीले घासूनपुसून दाखवून राह्यले होते. हे तोंड पाह्य माहं. आजवर कोणी हासलं का याले? मायचा प्रसाद म्हणतात. तिच्या तोंडाले कोणी हासू नये, मले एवढंच पाह्यजे.”

खरं सांगते, मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. पण राग जास्त.

झालं. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. अंथरुणाभोवती कडुनिंब, उशाला कडुनिंब, तिच्या केसांत कडुनिंब. आंघोळ नाही, विंचरणं नाही, घरात फोडणी नाही. दुपारपासून गल्लीतल्या बाया येऊ लागल्या. कोणी दहीभात आणला, कोणी नारळ. तिच्या मांडीवर खण ठेवून ओटी भरू लागल्या, पाया पडू लागल्या. कालपर्यंत जिच्या तोंडाकडे पाहून पोट्टी हसायची, तिच्या पायाला त्यांच्या आया हात लावत होत्या. “माय, माह्या लेकरावर कृपा ठेव.” पण हात लावायचा तो पायाला, तेही बोटाच्या टोकानं, आणि लगेच मागे.

पंचफुला दात आवळून बसली होती. दार लागलं की मी गुपचूप खोबरेल लावायची, ओला नारळ वाटून थापायची. माझे हातही त्यातच निवायचे. दोघींची आग एकदमच कमी होत गेली. तिचे डोळे किलकिले झाले, तशी ती पहिली गोष्ट काय बोलली?

“आज कोणता वार हाय?”

“बुधवार.”

“मग रविवारपर्यंत होते बरं.”

“पंचफुले,” मी म्हटलं, “माय आलेली पोरगी रविवारी मैदानावर कशी जाईल? तुला आता पंधरा-वीस दिवस कोणी हलू देणार नाही.”

तिनं केसांतला कडुनिंब काढून खिडकीबाहेर टाकला.

गुरुवारी आमच्या दारात देवी डॉक्टर आले. तेव्हा देश देवीमुक्त करायची मोहीम जोरात होती. टोचणाऱ्यांना लोक देवी डॉक्टरच म्हणायचे. ते हातात देवीच्या रोग्याचं रंगीत चित्र घेऊन गल्लोगल्ली फिरायचे आणि असं कोणी दिसलं का म्हणून विचारायचे. कोणीतरी आमचं घर दाखवलं होतं. ओट्यासमोर बाया जमल्या, मागे पोरं, सायकली थांबवून माणसं.

“देवीचा पेशंट आहे म्हणतात,” ते म्हणाले. माणूस साधा, दमलेला. “पाहावं लागेल. देवी असतील तर घर बंद करावं लागेल आणि या गल्लीतल्या सगळ्यांना टोचावं लागेल, लेकराबाळांसकट.”

गल्लीत एकच गलका उठला. टोचून घ्यायच्या नावानं बाया पोरं पदराखाली घेऊ लागल्या. आत्या दारात आडवी उभी. सरकारी माणूस घरात शिरणार, घर बंद होणार, सावनेरपर्यंत गाजावाजा होणार, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं झटकन पवित्रा बदलला.

“देवी कायच्या, साहेब? उष्णतेचं हाय जरासं.”

“काय?” कौशल्याबाई पुढे आल्या. “परवा त तुम्हीच हात जोडून मायच हाय म्हणाल्या! मी नारळ देल्ला, खण देल्ला!”

“मले काय ठाऊक, मले वाटलं मायच असन.”

“तुमाले नाही ठाऊक त कोणाले?”

“बाई, खरं काय ते सांगा,” देवी डॉक्टर म्हणाले. “माझा वेळ जातो, आणि इथं लेकरांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

आत्या पदर सारखा करू लागली. मामीजी आत भिंतीला टेकलेल्या. मी हात पदराखाली दाबून उभी, आणि माझ्या मागून पंचफुला चालत आली. मला बाजूला केलं, आत्याला बाजूला केलं आणि थेट ओट्यावर, उन्हात, सगळ्या गल्लीसमोर उभी राहिली. आंघोळ नाही, केस पिंजारलेले, तोंड सुजलेलं, फोड फुटून खपल्या धरू लागलेल्या. समोरच्या बाया आपसूक मागे सरकल्या, दोघीतिघींनी हात जोडले.

“हात खाली घ्या,” ती म्हणाली. मैदानावर ओरडायचा सराव असलेला गळा तो, कोपऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल. “मले माय नाही आली. माह्या तोंडाले मुरूम हायत, तुम्हा सगळ्यायले ठाऊक हाय, तुमचीच पोट्टी मले चिडवतात. ते जावं म्हणून तुम्ही सांगतलं ते लावलं मी. बेसन लावलं, माती लावली, साली लावल्या. मंग गोडंबी लावली. तिले तेल लागून होतं. बिबा उतला. बस. एवढंच हाय.”

मग मीही पदर बाजूला केला. कोणी सांगितलं नव्हतं, पण आता कशाला झाकायचं? दोन्ही तळहात देवी डॉक्टरांसमोर धरले. “मी वाटली होती,” मी म्हटलं. “मलापण माय आली का, पाहा बरं.”

त्यांनी माझे हात पाहिले, तिचं तोंड पाहिलं, हातापायांवर कुठे काही नाही हे पाहिलं आणि आपलं चित्र पिशवीत घातलं. “बिबाच आहे. खोबरेल लावा. आणि या मुलीला आंघोळ करू द्या हो,” असं म्हणून ते पुढच्या गल्लीकडे गेले.

मागे कोणीतरी हसलं. मग दुसरं. मग आत्या म्हणाली होती तसंच, माणसं पोट धरून हसायला लागली. गोडंबी म्हणे! अवं तोंड का लाडू हाय! कौशल्याबाई तेवढ्या हसत नव्हत्या, त्या संतापल्या होत्या. “देवाधर्माची थट्टा लावली काय? मी तुह्या पाया पडली वं!”

“तुमचा नारळ घरातच हाय, काकू,” पंचफुला म्हणाली. “देवळात नेऊन ठेवा, मातामाय तिथं हाय. मी पंचफुला होय.” आणि हसणाऱ्यांकडे वळली. “हासा. पोटभर हासून घ्या. तोंड माहं हाय, मी काही ते झाकून ठेवणार नाही.”

ती आत गेली, बादलीभर पाणी घेतलं आणि आंघोळ केली. मी दाराचे डहाळे काढून टाकले. आत्या मला नको म्हणाली नाही. ती कोपऱ्यात बसून रडत होती.

दुपारी मामाजी आले. बातमी त्यांच्याआधी बाजारात पोचली होती. सावनेरकडे जाणारी माणसं त्याच बाजारातून जायची, म्हणजे स्थळ काय होणार हे सांगायला नको. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. “घराची अब्रू ओट्यावर नेऊन मांडली तू! चार दिवस गप्प नाही बसता आलं तुले?”

“चार दिवसांनी काय झालं असतं बाबा?”

“सारं निभलं असतं!”

“म्हणजे मी आयुष्यभर माय आल्याचं सांगत फिरली असती. नवऱ्याले, सासूले, लेकरायले. मुरूम त मुरूम. त्यात मी काय चोरी केली?”

मामाजी आणखी चिडले. रविवारी घराबाहेर पाऊल टाकशील तर याद राख, म्हणाले. ती म्हणाली, “मी जाणार हाय. चोरून नाही जात, सांगून जाते. तुमाले जे करायचं ते परत आल्यावर करा.”

रविवारी सकाळी तिनं पिशवी उचलली. मी पायात चप्पल घातली. मामीजींनी विचारलं, कुठं? मी सांगितलं, मैदानावर. भाजी आणते, देवळात जाऊन येते, असं काही म्हणाले नाही. मामीजींनी एकदा मामाजींच्या बंद खोलीकडे पाहिलं आणि माझ्या हातात खोबरेलाची बाटली दिली. आत्या आदल्याच दिवशी सावनेरला परत गेली होती. जाताना पंचफुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, तोंडाकडे मात्र तिला पाहवलं नाही.

निवड झाली की नाही, ते आधीच सांगून टाकते, उगीच जीव टांगणीला नको. झाली. भिंतीवरचा फोटो उगाच नाही लावला. पुढे ती एका मुलींच्या शाळेत खेळाची बाई झाली, लग्नही केलं, तिच्या मर्जीनं, आणि मुरूम कधी गेले ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही, डाग राहिले. पण मला सांगायचं आहे ते त्या सामन्यातलं.

समोरचा चमू महाल भागातला होता. कौशल्याबाईंची भाची त्यांच्यात खेळायची, म्हणजे माय आल्याची बातमी तिकडे पोचलेली, आणि बिब्याची पोचली असली तरी कोणाचा विश्वास नव्हता. मैदानाच्या कडेला कुजबुज. बळीराम सरांनी तिला विचारलं, “खेळता येईल ना?” ती म्हणाली, “तोंडानं थोडीच खेळते, सर.” सर हसले आणि बाजूला झाले.

पहिली चढाई तिचीच. कबड्डी, कबड्डी म्हणत ती आत गेली आणि समोरच्या मुली फाकल्या. मी आधी समजले डाव टाकून राहिल्या आहेत. पण डाव नव्हता. त्या भ्यायल्या होत्या. ही एक पाऊल पुढे टाके, त्या दोन पावलं मागे. कोपऱ्यातली एक तर मागे सरकता सरकता रेषेबाहेर गेली. ही हात लांब करते, समोरची अंग चोरते, तोंड फिरवते. दोघींना सहज शिवून ती परत आली. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण दिले. आमच्याकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंचफुला मधल्या रेषेवर उभी होती. टाळ्या ऐकून तिचं तोंड उतरलं, मी पाहिलं. असे गुण तिला आयुष्यात मिळाले नव्हते. मधे समोरच्यांनी आमच्या तिघींना बाद केलं आणि त्यांच्या बाहेर गेलेल्या तिघी परत आत आल्या. पुढची चढाई पुन्हा तिची आली तेव्हा ती रेषेच्या अलीकडेच थांबली आणि समोरच्या कप्तानला म्हणाली, “काहून भिऊन राह्यली वं? माय नाही, बिबा होय. लागत नाही कोणाले. आता येते मी आत. धरायचं असन त धर. नसन धरायचं त मैदानावर कायले उभी हायेस?”

ती कप्तान म्हणजे एक ठेंगणी, रुंद खांद्यांची पोरगी. ती लाल झाली. “ये,” म्हणाली.

पंचफुला शिरली. उगाच कडेकडेनं नाही, सरळ मधोमध, कप्तानच्या अंगावर. एकीला शिवली, वळली, आणि त्याच क्षणी त्या पोरीनं झेप घालून तिच्या कमरेला मिठी मारली. मग दुसरीनं पाय धरला. तिसरी पाठीवर. मग सगळ्याच. ती रेषेकडे ओढत होती, हात लांब करत होती, कबड्डी कबड्डी चालूच होतं, आणि सगळा ढीग धाडकन खाली आला. कोणाचं कोपर तिच्या गालावर, कोणाची वेणी तिच्या तोंडावर. दम सुटला. पंचांनी तिला बाद दिलं.

बाहेर येऊन ती माझ्याशेजारी मातीत बसली. खपल्या निघाल्या होत्या, गालावरून रक्त येत होतं आणि त्याच्यावर धूळ बसलेली. मी खोबरेलाची बाटली उघडायला गेले, तिनं माझा हात धरून थांबवला. धापा टाकत होती आणि कानापर्यंत हसत होती.

“पाह्यलं का वहिनी?” ती म्हणाली. “धरलं मले. सातही जणींनी धरलं वं!”